तहाचा धर्म

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा या गावाचे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून पडले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येथे गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ व शेजारच्या रुणजीचा ‘कलगी’ असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहून दारू भरलेली पेटती हिंगोटे एकमेकांवर फेकतात. तत्पूर्वी उभयपक्ष देवनारायणाचे दर्शन घेतात. हा खेळ निरुपद्रवी नव्हे. २०१७ साली त्यात एका तरुणाचा बळी गेला. तथापि ज्याच्याशी लढायचे त्याच्यासह एकाच देवापुढे हात जोडता येतात, हे पाहून आम्हांस प्रश्न पडतो : राष्ट्राराष्ट्रांतील सख्य कशाच्या आधारावर उभे राहते, गरजेच्या की धर्माच्या?

याच माळव्याचा इतिहास पाहू. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. कंपनीने रक्षणाची हमी दिली. परंतु तिच्या संमतीवाचून अन्य राज्यांशी बोलणे करण्याचा होळकरांचा अधिकार संपला. लुटालुटीने गांजलेल्या रयतेला पुढे स्वास्थ्य लाभले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा उरली नाही, त्याच्या ‘होय’ला मैत्री म्हणता येत नाही. तो आश्रय होय.

येथे केवळ परक्याला दोष देऊन थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बोलण्याचा अधिकार हाती होता तेव्हा आपण त्याचे काय केले? १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यातून पेशवे वसईच्या तहात शिरले. १८०३ साली शिंदे व भोसले असई-अडगावास इंग्रजांशी लढत असता यशवंतराव अलिप्त राहिले. पुढल्याच वर्षी ते स्वतः लढावयास उभे राहिले, तेव्हा एकाकी होते. शौर्य उणे नव्हते. परस्परांवरील विश्वास उणा होता. शेजाऱ्याला दिलेला शब्द सांभाळला नाही, म्हणून शब्द देण्याचा अधिकारच परक्याच्या हाती गेला.

तात्पर्य, सहकार्य ही दुबळ्याची लाचारी नव्हे, तसे ते बलिष्ठाचे औदार्यही नव्हे. ते स्वातंत्र्याचेच व्रत आहे. आमच्या राज्यघटनेचे ५१ वे कलम राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्मानपूर्ण संबंध राखावे आणि तहांच्या बंधनांविषयी आदर वाढवावा, असे सांगते. ‘न्याय्य’ हे दुसऱ्यासाठी, ‘सन्मानपूर्ण’ हे आपल्यासाठीही. यांतला एक शब्द गळाला की दुसरा पोकळ ठरतो.

देवापुढे नवस बोलून तो न फेडणाऱ्यास आपण काय म्हणतो? राष्ट्राच्या शब्दाला तरी निराळा न्याय का लावावा?