नऊ जण लागतात

वीसपेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळांचं काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात दर दोन-चार वर्षांनी नव्याने वर येतो. २०२३ मध्ये अशा शाळांतली मुलं एकत्र आणून ‘समूह शाळा’ काढाव्यात, असा विचार शासनाने पुढे आणला. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचा दाखला दिला गेला आणि गावोगावी उलटसुलट चर्चा झाली. खर्चाचा मुद्दा त्यात होताच, आणि तो समजण्यासारखा आहे. मला जास्त टोचला तो दुसरा मुद्दा, कारण तो मुलांविषयी कळकळ असलेली माणसंही मांडत होती. इतक्या कमी मुलांत मूल एकटं पडतं, तिथे ना धड संघ होतो ना धड गॅदरिंग, मग त्या मुलांचा सर्वांगीण विकास व्हायचा कसा, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेली अनेक वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जातो आहे, आणि मला जे दिसलं ते बरोबर याच्या उलट आहे. प्राथमिक शाळेत मूल एकटं पडतं ते मुलं कमी असल्यामुळे नाही. त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तेव्हा ते एकटं पडतं. आणि लहान शाळेत प्रत्येकावाचून अडतं.

डोंगराकडेच्या एका वाडीवरची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी मिळून सव्वीस मुलं. केंद्राच्या क्रीडास्पर्धा तोंडावर आलेल्या, आणि मुलींचा खो-खोचा संघ उभा करायचा होता. तिसरी-चौथीच्या मुली मोजल्या तर सातच भरल्या. खो-खोला मैदानात नऊ जणी लागतात. आठ पाटीवर बसतात, एक पाठलाग करते. तेव्हा दुसरीतल्या दोघींना घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यातली एक इतकी अबोल की हजेरीलाही ती नुसता हात वर करायची.

खो-खो बघायला सोपा वाटतो, पण सात वर्षांच्या मुलीला तो अजिबात सोपा नाही. शेजारची जिकडे तोंड करून बसली असेल त्याच्या बरोबर उलट दिशेला तोंड करून बसायचं. पळणारी अगदी नाकासमोरून गेली तरी ‘खो’ मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठलं की मधली रेघ ओलांडायची नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही. पळणाऱ्यांना यातलं कुठलंच बंधन नसतं. ही मुलगी पहिल्या दिवशी पळणारी दिसली की उठत होती. दुसऱ्या दिवशी खो मिळाल्यावर उठली, पण चुकीच्या बाजूला धावली. चौथीतल्या मुली वैतागल्या, एक-दोघी रागावल्याही. पण तिला बाहेर बसवून कुणाला घेणार? बदली खेळाडूच नव्हती.

मधल्या सुट्टीत मी पाहिलं, तर व्हरांड्यातल्या फरशीवर खडूने आठ चौकोन काढले होते. प्रत्येक चौकोनात कोणाचं तोंड कुठे, हे दाखवणारा बाण. चौथीतली एक मुलगी त्या धाकटीला हाताला धरून एकेका चौकोनात बसवत होती, पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणत होती आणि विचारत होती, ‘आता कुठं जाशील?’ धाकटी बोटाने दाखवायची. बरोबर आलं की पुढचा चौकोन. हे कुणीही सांगितलं नव्हतं. बाई आत खिचडी वाढण्यात गुंतल्या होत्या आणि गुरुजी पंचायत समितीत मीटिंगला गेले होते. दिशा, क्रम, एकाआड एक मांडणी आणि अमुक झालं तर तमुक करायचं हा विचार, दुसरीच्या गणितात जे जे असावं ते सगळं त्या फरशीवर होतं. शिकवणारी मुलगी तर त्याहून मोठी गोष्ट शिकत होती. आपल्याला येतं ते दुसऱ्याला कळेल असं मांडायचं कसं, हे ती शोधत होती.

स्पर्धेत तो संघ पहिल्याच फेरीत हरला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, आणि मुलींनाही जीपमध्ये बसेपर्यंतच वाटलं.

याच विषयाचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्यातल्या माध्यमिक शाळा पाहिल्या, काही अगदी मोजक्या विद्यार्थ्यांच्या, तर काही दोन हजारांहून मोठ्या. त्यांचं ‘बिग स्कूल, स्मॉल स्कूल’ हे पुस्तक १९६४ मध्ये आलं. मोठ्या शाळांत उपक्रम अर्थातच जास्त होते. पण उपक्रमांत खरोखर भाग घेणारे, जबाबदारीची जागा सांभाळणारे विद्यार्थी लहान शाळांत प्रमाणाने कितीतरी अधिक होते. अभ्यासात मागे असलेल्या, शाळेशी फारसं न जमणाऱ्या मुलांबाबतचं त्यांचं निरीक्षण मला सर्वांत मोलाचं वाटतं. मोठ्या शाळेत अशा मुलांना कुणी बोलावत नव्हतं. लहान शाळेत त्यांच्यावरही इतरांइतकाच हक्क सांगितला जात होता, कारण माणसंच पुरत नव्हती. तो अभ्यास किशोरवयीन मुलांचा होता, देशही वेगळा. तरी वाडीवरच्या त्या व्हरांड्यात जे घडत होतं, त्याचं कारण या पुस्तकात सापडतं.

आता मोठ्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवून पाहा. शाळा शहरातली असो की तालुक्याच्या गावातली, रीत तीच. महिनाभर आधी ‘निवड’ होते. चुणचुणीत, गोऱ्यागोमट्या, घरून पोशाखाचे पैसे येतील अशा मुलांना पुढच्या रांगेत घेतात. नाच बसवायला बाहेरून कोरिओग्राफर येतो, गाणं सिनेमातलं असतं, आणि मूल स्वतःच्या तोंडाने रंगमंचावर एक शब्दही बोलत नाही. बाकीची मुलं खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. खेळातही तेच. संघ ठरलेला, बाकीचे ‘चीअर अप’ करायला. आठ वर्षांच्या मुलाला आपण सांगून टाकतो की तू प्रेक्षक आहेस. पुढे चाळिशीत तो माणूस ‘मला नाही बुवा गाता येत, मला नाही खेळता येत’ असं सहज म्हणतो, तेव्हा हा निकाल कुणी आणि कोणत्या वयात दिला होता, हे त्याला आठवतही नाही.

निवड वाईट असं मी म्हणत नाही. मोठ्या वयात ती लागतेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मन भरून आलं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तिचीही सुरुवात शाळेतल्या खो-खोपासून झाली. पण असे खेळाडू घडावेत म्हणून दुसरीत खेळ हवा, हा हिशेब मला मान्य नाही. वाचायला आपण सर्वांनाच शिकवतो, लेखक होणाऱ्यांनाच नव्हे. खेळ आणि रंगमंच यांवरही प्राथमिक शाळेत सर्वांचा तेवढाच हक्क हवा.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. भावनगरला १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि गोष्टी, खेळ, नाटकं यांतूनच शिकवणं उभं करतो. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो विचार महाराष्ट्रात आणला आणि अनुताई वाघांच्या साथीने बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी रुजवला. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावं, इथपर्यंत त्या गेल्या. मुंबईत सुलभा देशपांडे यांच्या ‘चंद्रशाला’ या बालनाट्य संस्थेने ‘दुर्गा झाली गौरी’सारखं नाटक मुलांचा मोठा ताफा घेऊन उभं केलं. झाडं, पाणी, गर्दी हे सगळं मुलंच होत असतील, तर रंगमंचावर कितीही मुलं मावतात.

नाटकाने वाचन सुधारतं, हे शिक्षक सांगतात आणि मी पाहिलंही आहे. धडा वाचताना अडखळणारं मूल स्वतःच्या वाट्याची चार वाक्यं मात्र घरी, ओढ्यावर, गुरांमागे म्हणत राहतं. त्याच्या आधी कोण बोलतं ते माहीत हवं, म्हणून दुसऱ्याचीही वाक्यं त्याला पाठ होतात. मग कागदावर ती ओळखू येतात. ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलतात, त्यांना प्रमाण मराठी तोंडात बसवायला याहून निर्भय जागा नाही. आणि नाटकातली आजी गोरमाटीतच बोलली, तर त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलगी बाईंना उच्चार शिकवते.

लहान शाळेचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. चौथीत एकच मूल असलं तर त्याला बरोबरीचं कुणी मिळत नाही, आणि ते दुखणं खरं आहे. दोनपैकी एक शिक्षक बदलून गेला आणि जागा रिकामी राहिली, तर चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात, वर ऑनलाइन माहिती आणि मतदारयाद्या आहेतच. कायदाही इथे हात आखडता घेतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य दिलं, पण कला आणि शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक दिले ते सहावी ते आठवीसाठी, आणि तेही शंभराहून अधिक पट असेल तरच. पहिली ते पाचवीच्या मुलांना तसा माणूस नाही. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंतच नको म्हणतं. ते मला मनापासून पटतं, पण भिंत पाडायला माणसं लागतात.

म्हणून शाळा एकत्र करण्याऐवजी एकाच केंद्रातल्या पाच-सहा लहान शाळांना मिळून एक खेळाचा आणि एक नाटक-संगीताचा शिक्षक द्यावा, असं मला वाटतं. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक शाळेत. मूल घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळेत राहील आणि शिक्षक मोटारसायकलवर फिरेल. मोठ्या शाळांनीही स्वतःला लहान करून घ्यावं. मोठ्या मंडपातलं एकच गॅदरिंग करण्याऐवजी प्रत्येक तुकडीने आपापल्या वर्गात, आपापल्या पालकांपुढे तासाभराचं नाटक करावं. चाळीस मुलांच्या वर्गात खो-खोचे चार संघ चिठ्ठ्या टाकून पाडता येतात आणि सगळे खेळतात.

एक गोष्ट मात्र पैशाशिवाय आणि परवानगीशिवाय या वर्षीही करता येईल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुलं आईबापांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच जातात. आणि आपली गॅदरिंगं होतात जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे ज्या मुलांना शाळा आपली वाटण्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच मुलं दरवर्षी कारखान्यावरच्या कोपीत असताना आपण स्टेज बांधतो. गॅदरिंग जानेवारीतच व्हावं, असं कुठेही लिहिलेलं नाही. अशा गावांत ते दसऱ्याच्या आधी घ्यावं. पाऊस असला तर वर्गात घ्यावं, मंडप आणि लाइटिंग नसलं तरी चालेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात. टोळीबरोबर जाणारी एखादी आई त्या समितीत असेल, तर जुलै-ऑगस्टच्या बैठकीत तारीख तिला विचारून ठरवावी.