पुंडलिकाची वीट आणि परदेशची वाट

परदेशी जाऊन कायमचे राहणे वारकऱ्यास शोभते काय, हा प्रश्न हल्ली वाशी, नेरूळ, खारघरच्या भजनी मंडळींत पुष्कळदा निघतो. पूर्वी वाद समुद्र ओलांडण्याचा होता. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकावयास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. तो वाद आता मिटला. आमच्या नामदेवरायांनी तर पंढरी सोडून पार पंजाबातले घुमान गाठले. त्यांची पदे गुरुग्रंथसाहिबात आजही गाइली जातात. तेव्हा जाण्यातच पाप आहे असे आम्हांस वाटत नाही.

अडचण निराळीच आहे. ज्याच्यासाठी आपण पायी चालत जातो, तो देव तिथे उभा का राहिला? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. दारी प्रत्यक्ष पांडुरंग आला तरी उठला नाही. वीट सरकवली नि थांब म्हणाला. म्हणजे पंढरी वसली ती एका मुलाच्या न उठण्यावर! ही कथा कीर्तनात डोलत ऐकायची आणि चिरंजीवांचा व्हिसा आला म्हणून पेढे वाटायचे, याचा मेळ कसा घालावा?

कोणी म्हणेल, अहो, पैसे पाठवतो की! २००७ सालच्या कायद्यानेही आईवडिलांच्या निर्वाहाचा भार मुलांवर टाकला आहे. पण निर्वाह म्हणजे सेवा नव्हे. रात्री बापाची छाती दुखू लागली तर टोरांटोहून कोण धावणार? शेजारीच धावतो.

दाखले साक्षांकित करणे, पोलिसांचा दाखला, बँकेतले खाते अनिवासी करणे, ही तयारी महिनोन् महिने चालते. अनिवासी झाल्यावर गावाकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येते, हेही आधी विचारून ठेवतात. आईबापांना विचारतात ते सर्वांत शेवटी, तिकीट काढून झाल्यावर. मग त्या बिचाऱ्यांनी "जा बाळा" यापलीकडे काय म्हणावे? विचारायचे ते आधी विचारावे, आणि उत्तर नकाराचे आले तर ते ऐकण्याची तयारी ठेवून विचारावे.

आईबापांनीही ही कथा मुलाच्या पायात बेडी म्हणून घालू नये. पुंडलिक आपखुशीने बसला होता, कोणी बसवला नव्हता. लहानपणापासून "मोठा हो, अमेरिकेला जा" असे पढवायचे नि मग विमानतळावर पदर डोळ्यांला लावायचा, हे काही खरे नव्हे.

या भूमीला घर सुटण्याचे दुःख नवे नाही. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावे नव्या शहराच्या आराखड्यात गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण गेले. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, गावेच्या गावे उठली. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडतात. त्या आगरी-कोळी घरांना जाता काय असे धड कोणी विचारले नाही. व्हिसावाल्याला निदान निवड आहे. आणि निवड ज्याची, मागे राहिलेल्यांचा भारही त्याचाच.

एकादशीचेही लोक विचारतात. तिथी जिथल्या तिथल्या सूर्योदयावर धरावी; अमेरिकेत ती कधी आपल्या आदल्या दिवशी येते. हरिपाठाला काही अडचण नाही, तो कुठेही होतो. आषाढीला दुपारी आईने चंद्रभागेच्या वाळवंटातून फोन लावला तर तिकडे मध्यरात्र असेल. तो मात्र उचलावा.