उघडं दार

गुरुवार पेठेत पंचहौद चर्चजवळचं घर. ससून रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आत्या आणि तिचा भाचा पोळी-भाजीची पाकिटं बांधत होते.

"आत्या, काल एका बाईंनी विचारलं, तुम्ही हे कशासाठी करता? मी नुसता हसलो आणि पुढे गेलो. प्रभूचं नाव घेतलं असतं तर पोळीला किंमत चिकटली असती."

"त्यांनी सरळ विचारलं होतं. भुकेल्याला पोळी द्यायची, पण उत्तर द्यायचं नाही? म्हणजे त्यांची पायरी तूच ठरवलीस."

"पंडिता रमाबाईंचं काय झालं ते आठव. त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन 1890 मध्ये मुंबईहून पुण्यात आलं. कुणाच्या धर्मात हात घालायचा नाही, असं ठरलेलं. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. त्यावरून 1893 मध्ये रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही."

"मग दार लावून घ्यायचं होतं? आपल्याला जपणारी बाई कशाच्या बळावर उभी आहे, हे मुलींपासून लपवायचं?"

"जिला परत जायला घर नाही अशा विधवेसमोर उघडं दारसुद्धा साधं नसतं गं. छप्पर बाईंचं, ताटातलं अन्न बाईंचं. ती नको कशी म्हणेल?"

आत्याने हातातली पोळी खाली ठेवली. तिला हे लागलं होतं, कारण रमाबाईंवर तिचा जीव आहे.

"पुढे केडगावला आडपडदा राहिला नाही," ती म्हणाली. "तिथली बाईंची मुक्ती ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, तेव्हा काहींची नुसती हाडं उरली होती. बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते तिथल्याच मुली-बायकांनी खिळे जुळवून छापलं. काल आधार घेणारीच्या हाती आज काम आलं. मला सेवा तिथे दिसते."

"पण दुष्काळातून आलेल्या पोरीला तरी निवड कुठे होती? तू प्रश्न केडगावला नेलास, सोडवला नाहीस."

"नाही सोडवला. तो सुटतो असंही मला वाटत नाही. पण प्रभूने यहूदाचेही पाय धुतले, तो उठून जाणार हे ठाऊक असताना. आधी काही कबूल करून घेतलं नाही, नंतर अडवलं नाही. म्हणून मी एवढंच बघते, माणूस नको म्हणाला तर उद्याची पोळी त्याला मिळेल ना?"

"ते आपल्याला ठाऊक असून भागत नाही, आत्या. त्याला ठाऊक हवं."

"हो. हे मात्र तुझं खरं."

"मग त्या बाईंनी उद्या पुन्हा विचारलं तर?"

"आधी पाकीट हातात दे. मग जे खरं ते दोन शब्दांत सांग. आणि त्यांचं कोण आजारी आहे, कुठल्या वॉर्डात आहे, तेही विचार. काल विचारलं नाहीस ना?"