प्रेमाचं खातं

प्रेमात कोणी पडावं याला कायद्याची बंदी नाही. सिनेमात कोणी पडावं याचे मात्र अलिखित नियम आहेत. नायकाला नोकरी नसली तरी चालते, आडनाव बरं हवं. शिवाय पुणे किंवा मुंबई हवी. शहापूर-मुरबाडच्या माणसानं प्रेमात पडावं ते स्वतःच्या जबाबदारीवर. कॅमेरा येणार नाही.

तसं आम्हाला पडद्यावर प्रतिनिधित्वच नाही, असंही नाही हं! मुंबईची नायिका शॉवरखाली गाणं म्हणते ते पाणी तानसा-भातसाचं, म्हणजे आमच्या शहापूरचंच. आमचं प्रतिनिधित्व द्रवरूप आहे, एवढंच. एप्रिल-मे उजाडला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत बसतात. हंड्यांच्या त्या रांगेत प्रेम जमायला जेवढा निवांत वेळ मिळतो, तेवढा कॉलेजच्या कँटीनमध्येसुद्धा मिळायचा नाही. पण त्या रांगेवर विनोदी प्रेमपट कोणी काढला आहे?

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मी किती वेळा पाहिला, याचा हिशोब बी.कॉम. असूनही ठेवलेला नाही. पुण्यात खोली मिळावी म्हणून दोघे पुरुष साड्या नेसतात आणि आपण पोट धरधरून हसतो. मात्र एक शंका मला सोडत नाही. त्या चौघांत एखादा कातकरी असता, तर त्यानं काय नेसलं असतं म्हणजे खोली मिळाली असती? काही अटी साडीनं सुटतात. काही सुटत नाहीत.

ठाकरांना प्रेम मिळालं ते जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'मध्ये, १९७७ साली. गोनीदांची कादंबरी, महानोरांची गाणी, सगळं अस्सल. पण ठाकर झाले मोहन आगाशे आणि ठाकरीण झाली स्मिता पाटील. शिवाय शेवटी रुमाल काढावा लागतोच. २०१६च्या 'सैराट'मध्येही आधी हसू, मग रुमाल. म्हणजे शहरातल्यांनी प्रेम केलं की वरात, आणि आमच्याकडच्यांनी केलं की शोककथा!

इटलीत १९५३ साली कोमेन्चिनी नावाच्या दिग्दर्शकानं एका दरिद्री डोंगराळ गावावर विनोदी प्रेमपट काढला. नायिका गावातली सर्वांत गरीब पोर. तरी हसणं तिच्या वाट्याला आलं. त्या चित्रपटाच्या नावातच आधी भाकरी, मग प्रेम. क्रम अगदी व्यवहारी आहे!

आमचे हेडकॅशियर यावर म्हणाले, "अहो, सिनेमा म्हणजे काय रेशनकार्ड आहे, घरातल्या प्रत्येकाचं नाव असायला?"

मुद्दा बिनतोड वाटतो खरा. प्रत्येकाचं नाव घालायला बसलो तर सिनेमाची खानेसुमारी होईल. पण म्हणून दरवेळी तीच नावं का वगळायची? ज्याला आपण फक्त रडताना पाहतो, त्याची आपल्याला दया येते. ज्याच्याबरोबर हसतो, तो आपला शेजारी होतो. दया लांबून करता येते, शेजार करता येत नाही.

पाड्यावरच्या म्हाताऱ्या आमच्या काउंटरवर येतात, अंगठा उठवतात आणि पासबुक पुढं सरकवतात. शिल्लक किती, हे त्या मागाहून विचारतात. आधी विचारतात, "भाऊ, नाव माजंच हाय ना?"