नाक, कान आणि...

आमच्या घरात माणसाला अवयव मोजकेच. डोके दुखते, पाठ धरते, गुडघे बोलतात आणि अधूनमधून नाक कापले जाते. पुरुषांना छातीही असते; ती अभिमानाने फुगते वगैरे. बायकांच्या बाबतीत मात्र त्या प्रदेशाला नावच नाही. तिथे नुसता पदर असतो.

त्यामुळे गेल्या दिवाळीत फराळाला बसल्या बसल्या माझी भाची शुभा म्हणाली, "मावशी, मला ऑपरेशन करून स्तन लहान करून घ्यायचेत," तेव्हा ह्यांनी सकाळी वाचून झालेले वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले. ताई म्हणाली, "लोक मोठे करायला पैसे ओततात, आणि हिला बघा!" मी शहाणपणाने म्हटले, "अगं, देवाने दिलंय ते गोड मानावं."

हे बोलताना माझ्या नाकावर चष्मा, तोंडात दोन दात डॉक्टरांनी दिलेले आणि केसांना आदल्या दिवशीचा कलप होता. पुन्हा आम्ही पुण्याचे! युद्धात नाक गमावलेल्या एका गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवून दिले, ही हकीकत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडचे डॉक्टर चकित झाले. नाक गेले की ते परत मिळवावे, हे आम्हाला पटते. त्याखालचे काही बोलू नये, इतकेच.

शेवटी शुभाबरोबर मीच गेले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्रे काढून सगळे समजावले. साडीच्या दुकानात दाखवतात तसे. फक्त इथे प्रत्येक साडीचा डागही आधी दाखवत होत्या. मोठे करायचे तर सिलिकोनच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या पिशव्या, नाहीतर स्वतःच्याच पोटाची चरबी. पिशव्या जन्मभराच्या नसतात. भोवती कडक कवच धरू शकते, कधीतरी बदलाव्या लागतात. ओघळलेले नुसते उचलून घ्यायचे, तर जादा कातडी काढतात. लहान करायचे, तर आतला भागही काढतात; व्रण राहतात, पुढे बाळाला पाजताना अडचण येऊ शकते.

घरी येऊन मी वाचत बसले. 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे नावाची बाई धर्मादाय इस्पितळात गेली होती, ती छातीवरचे गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी विचारले, सिलिकोनच्या नव्या पिशव्या बसवून घेता का? (त्याआधी तो मान एका कुत्रीला मिळाला होता.) बाईंना खरे तर बाहेर आलेले कान मागे बसवून हवे होते. मग डॉक्टरांनी दोन्ही केले, आणि अशा पिशव्या बसवलेली ती जगातली पहिली बाई ठरली. मला आधी हसू आले. मग वाटले, कानांची गरज तिच्यापेक्षा डॉक्टरांना जास्त होती.

आणि मला? शुभाने शाळेत असताना पळणे सोडले, तेव्हा आम्ही म्हटले, "आता मोठी झाली." पाठ दुखते म्हणाली, तेव्हा मी बाम दिला. परवा तिने ब्लाउजची बाही सारून खांदा दाखवला. पट्टा रुतून तिथे खळगा पडला होता. वीस वर्षे ती दुखणे सांगत होती आणि आम्ही फॅशन ऐकत होतो.

उद्या दुसरी कोणी "मला मोठे हवेत" म्हणाली तर? गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, ती रेघ कलप लावणाऱ्या बाईने मारू नये. फार तर एवढे विचारावे, "तुला हवेत, की बघणाऱ्याला?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. हे दुसरे जास्त कठीण.

शुभाचे ऑपरेशन झाले. ह्यांनी वर्तमानपत्राआडूनच विचारले, "आता बरी आहे ना?"

"काय?"

बराच वेळ पान उलटले नाही. मग आवाज आला, "पाठ."