धूर, चूल आणि बाटली

मलावीच्या खेड्यांत स्वयंपाक आजही मुख्यतः लाकडावर होतो. तीन दगडांवर भांडे चढवून मक्याच्या पिठाचा घट्ट ‘न्सिमा’ घाटतात. हात थांबला की गुठळ्या होतात, त्यामुळे बाई चुलीपासून हलत नाही आणि पाठीशी कापडात बांधलेले तान्हे मूलही तोच धूर ओढत राहते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंचे न्यूमोनिया हे एक मोठे कारण. त्याचे धुराशी नाते अनेक पाहण्यांत आढळले होते. चूल सुधारली की न्यूमोनिया हटेल, अशी आशा त्यातूनच आली.

ही आशा मलावीतच पारखली गेली. उत्तरेच्या चिलुम्बा आणि दक्षिणेच्या चिक्वावा भागांतील १५० वस्त्यांमधली १०,७५० मुले अभ्यासात होती. निम्म्या वस्त्यांतील घरांना पंखा असलेल्या, कमी धुराच्या दोन-दोन चुली आणि त्या चालवायला सौर पॅनेल मिळाले. बाकीच्या वस्त्यांत जुनीच चूल राहिली. दोन वर्षांची नोंद ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केली. शंभर मुलांमागे वर्षाला न्यूमोनियाचे प्रमाण नव्या चुलीच्या घरांत १५.७६, जुन्या चुलीच्या घरांत १५.५८. फरक नाहीच.

कारणे शोधताना चुलीबाहेरचा धूर पुढे आला. अंगणात कचरा जळतो, कोणी तंबाखू ओढतो, शेजारच्या चुलीचा धूर कुडाच्या भिंतीतून आत येतो. शिवाय नव्या चुली बिघडत, दुरुस्तीला जात. पुढे ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्याकडे तामिळनाडूत थेट गॅस देऊन पाहिला. घरातला धूर खूपच घटला, तरी तान्ह्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियात लक्षणीय फरक दिसला नाही. असे निष्कर्ष निराश करणारे असले, तरी ते लपवले न जाणे फार मोलाचे आहे. बाईच्या डोळ्यांसाठी, सरपणाच्या ओझ्याखाली वाकणाऱ्या पाठीसाठी चूल बदललीच पाहिजे. पण मूल वाचवायला लस, वेळेवर प्रतिजैविक आणि प्राणवायू लागतो. एकाच्या नावावर दुसऱ्याचा निधी खर्ची पडू नये.

दम्याच्या बाबतीत मात्र उत्तर अगदी हाताशी सापडले. इन्हेलर दाबणे आणि श्वास ओढणे लहान मुलाला एका वेळी जमत नाही. औषध घशावरच आदळते. मधे स्पेसर नावाची पोकळ नळी लावली की औषधाचा फवारा तिथे थांबतो आणि मूल सावकाश श्वास घेते. पण विकतचा स्पेसर गरिबाला परवडत नाही. केपटाऊनमध्ये बालरोगतज्ज्ञ हेदर झार आणि सहकाऱ्यांनी थंड पेयाची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घेतली. बुडाला इन्हेलरच्या तोंडाएवढे भोक पाडून सांधा डिंकासारख्या पदार्थाने बंद केला. १९९९च्या त्यांच्या अभ्यासात ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. सांधा उघडा राहिला तर गुण कमी आला, आणि स्पेसर म्हणून वापरून पाहिलेला थर्माकोलचा पेला सर्वांत मागे पडला.

बाटली वापरण्याआधी साबणाच्या पाण्यात धुतात आणि न पुसता निथळत ठेवतात. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषध फुप्फुसात जाण्याऐवजी बाटलीच्या भिंतीला चिकटते. बाटली फुकट मिळते. तिच्या बुडाला लावायचा इन्हेलर मात्र आफ्रिकेतल्या कित्येक सरकारी दवाखान्यांत आजही नसतो, आणि मुलाच्या हाती नुसत्या गोळ्या पडतात.