मधली बिऱ्हाडं

आमच्या वाचनगटातली एक मैत्रीण परवा पुस्तक मिटत म्हणाली, "हे वाचलं की वाटतं, आपणही असं एखादं पडीक घर घ्यावं आणि सावकाश नीट करावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य खटकलं आणि का खटकलं ते लगेच सांगता येईना.

पुस्तक कुठलं ते महत्त्वाचं नाही. एडिनबराच्या वाचनालयांत या जातीच्या कादंबऱ्या फडताळभर असतात. आजच्या काळातली, मनाने थकलेली नायिका. तिला वारशाने मिळालेलं जुनं घर. गिलावा काढताना हाती लागलेली पत्रांची चळत. दोनशे वर्षांपूर्वी त्याच घरात अर्धवट राहिलेलं कुणाचं तरी प्रेम. आणि खिडक्या दुरुस्त करायला आलेला अबोल सुतार. एक प्रकरण आजचं, एक तेव्हाचं. शेवटी घर उभं राहतं आणि दोन्ही प्रेमं मार्गी लागतात. हा साचा वाचकाला पाठ आहे आणि साच्याबद्दल माझी तक्रार नाही. ओवी हाही साचाच आहे. तक्रार अशी की १७९० सालचं प्रकरण संपतं, पान उलटतं आणि थेट आजचा दिवस उजाडतो. मधली सव्वादोनशे वर्षं त्या घरात कोण राहत होतं?

एडिनबरात हा प्रश्न टाळताच येत नाही. १७६७ मध्ये नव्या वस्तीचा जेम्स क्रेगचा आराखडा स्वीकारला गेला, जुन्या शहराच्या, म्हणजे ओल्ड टाउनच्या, टेकडीच्या उत्तरेला न्यू टाउन वसू लागलं, आणि वकील, डॉक्टर, जमीनदार हळूहळू तिकडे निघून गेले. त्यांनी सोडलेली ओल्ड टाउनमधली उंच दगडी घरं ओस पडली नाहीत. उलट गच्च भरली. हायलँडमधून, आयर्लंडमधून पोटामागे आलेली माणसं तिथे शिरली. जिथे एक कुटुंब पाहुण्यांची ऊठबस करायचं, त्या दिवाणखान्यात आडभिंती घालून कितीतरी बिऱ्हाडं राहू लागली. २४ नोव्हेंबर १८६१ च्या रात्री हाय स्ट्रीटवरची अशीच एक म्हातारी इमारत कोसळली आणि ३५ माणसं गेली. ढिगारा उपसताना खालून जोसेफ मॅकआयव्हर नावाच्या मुलाचा आवाज आला: मी अजून मेलेलो नाही, ओढत राहा. तो वाचला. तिथल्या पेस्ली क्लोज या गल्लीच्या तोंडाशी, कमानीवर त्याचा चेहरा आणि ते शब्द आजही दगडात कोरलेले आहेत. पुढच्याच वर्षी शहराने हेन्री लिटलजॉन या डॉक्टरला आपला पहिला आरोग्याधिकारी नेमलं. १८६५ मध्ये त्याने गल्लीगल्लीतल्या दाटीचा, मोऱ्यांचा आणि मृत्यूंचा अहवाल लिहिला. मॅकआयव्हरच्या इमारतीतही अठराव्या शतकात कुणी कुणाला पत्रं लिहिली असतील. पण त्या इमारतीची खरी गोष्ट सांगायची तर ती त्या ३५ जणांपासून सुरू करावी लागेल.

मी मनाशी एक भेद करत आले आहे. घराला दोन प्रकारचे काळ असतात: एक मिरवण्याजोगा, एक निभावलेला. मिरवण्याजोग्या काळात घर बांधलं जातं, छत रंगवलं जातं, मोठी माणसं येऊन जातात. निभावलेल्या काळात कुणीतरी गळक्या कोपऱ्याखाली बादली ठेवतं, एका नळावर आठ घरं पाणी भरतात, एक म्हातारी दहा वर्षं त्याच खिडकीशी बसते. पहिल्या काळाचे कागद उरतात. दुसऱ्याच्या उरतात त्या झिजलेल्या पायऱ्या.

पुण्यात वाड्याबद्दल बोलतानाही आपण हेच करतो. पेशवाईतला सरदार आणि आज बिल्डरशी करार करणारा त्याचा वंशज, दोघांवर लेख येतात. मधल्या शंभर वर्षांत त्याच चौकात पापड वाळवणारी, बाळंतपणं करणारी, भाडं थकलं म्हणून मालकाचे टोमणे ऐकणारी भाडेकरू बिऱ्हाडं वाड्याच्या इतिहासात धरलीच जात नाहीत. ती होती म्हणून वाडा इतकी वर्षं उभा राहिला. ज्या घरात चूल पेटत नाही ते वाळवी फार लवकर खाते.

एडिनबरात घर नीट करणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं तेही सांगायला हवं. आम्ही राहतो ती चार मजली दगडी इमारत, सामाईक जिन्याची. २००४ च्या टेनेमेंट कायद्याप्रमाणे, मालकीच्या कागदांत काही वेगळं लिहिलेलं नसेल तर, छपराची देखभाल सगळ्यांची असते. तळमजल्यावरच्या माणसालाही स्लेटचा खर्च द्यावा लागतो आणि निर्णय बहुमताने होतो. त्यामुळे कादंबरीतल्या नायिकेला जी पत्रं भिंतीत सापडतात, ती आम्हाला दाराच्या फटीतून येतात: पन्हळ तुंबली आहे, अमक्याची संमती अजून आलेली नाही. मागच्या भिंतीच्या दरजा भरायला गवंडी आला तेव्हा मी खाली उभी राहून बघत होते. पूर्वी कधीतरी कुणी चुन्याऐवजी त्या दरजांत सिमेंट भरलं होतं. गवंड्याने छिन्नीने ते हलकेच उचकटलं, तर सिमेंटची पट्टी अखंड निघाली आणि तिच्यामागचा वालुकाश्म ओल्या साखरेसारखा त्याच्या तळहातावर उतरला. चुना मऊ असतो, त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडच सोलवटतो. "भिंत घट्ट करायला गेले," तो म्हणाला, "आणि श्वास कोंडला." मग त्याने चुन्याचा गारा हाताने दाबून भरला, कडा ब्रशने ठोकल्या आणि उन्हाने भराभर वाळू नये म्हणून वर ओलं गोणपाट लटकवलं.

इथे कलासमीक्षक जॉन रस्किन आडवा येतो. १८४९ मध्ये त्याने 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या पुस्तकात जीर्णोद्धारावर जो हल्ला केला, तितका जहाल त्याआधी कुणी केला नसेल. त्याचं म्हणणं असं की जुनी इमारत पूर्ववत करणं हे तिच्या नाशाचंच दुसरं नाव आहे. ज्या हातांनी तो दगड घडवला ते हात परत येत नाहीत, म्हणून नव्याने केलेलं सगळं खोटं. १८५३ च्या नोव्हेंबरात त्याने एडिनबरात येऊन व्याख्यानं दिली आणि न्यू टाउनच्या एकसारख्या सपाट खिडक्यांबद्दल एडिनबराकरांना चार शब्द सुनावले.

रस्किनचं बरोबर आहे असं मला बराच काळ वाटत होतं. दोन काळांची प्रेमकथा त्याच्या कसोटीवर साफ उताणी पडते: नायिका १७९० आणू पाहते, १७९० येत नाही, आणि त्या खटाटोपात १८६१ पुसलं जातं. पण रस्किनही इमारतीकडे पाहतो ते मिरवण्याजोग्या काळाच्या बाजूने. त्याला कॅथीड्रल दिसतं, शिल्पी दिसतो, शेवाळ दिसतं. ओलीने खोकणारं मूल या युक्तिवादात कुठे बसवायचं? कॅथीड्रलला सन्मानाने पडू देणं समजू शकतं. पेस्ली क्लोजच्या इमारतीला पडू दिलं तेव्हा आत माणसं झोपलेली होती.

आणि गंमत नव्हे, खरोखर मोलाची गोष्ट अशी की रस्किनला हे कळत होतं. त्याच पुस्तकात तो सांगतो की वेळीच छपरावर शिशाचे चार पत्रे घाला, पन्हळीतला पालापाचोळा वेळीच झाडा, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही. पालापाचोळा झाडायचा कुणी? वेळीच म्हणजे कधी, हे कुणाला कळणार? तिथे राहणाऱ्यालाच. पुढे १८६५ मध्ये रस्किनने स्वतःचे पैसे घालून लंडनच्या मॅरिलबोनमधली पडकी घरं ऑक्टेव्हिया हिलच्या हाती दिली. तिने ती दुरुस्त केली, गरीब कुटुंबांना भाड्याने दिली आणि दर आठवड्याला दारोदार जाऊन भाड्याबरोबर तक्रारीही गोळा केल्या. रस्किनच्या सिद्धांतापेक्षा त्याचे पैसे शहाणे निघाले.

हिलचा तो धडा एडिनबराला आला. १८८५ मध्ये इथे सोशल युनियन निघाली. तिच्यामागे होता वनस्पतिशास्त्राचा एक तरुण अध्यापक, पॅट्रिक गेडिस. १८८६ मध्ये त्याचं लग्न झालं ते ॲना मॉर्टनशी. ती लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी, संगीत शिकलेली. थोड्याच काळात या जोडप्याने आपला संसार ओल्ड टाउनमधल्या लॉनमार्केटमागच्या जेम्स कोर्टमध्ये हलवला. हाच तो चौक, जिथे अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम राहिला, नंतर लेखक बॉझवेल राहिला, आणि १७७३ मध्ये कोशकार डॉक्टर जॉन्सन त्याचा पाहुणा म्हणून आला. गेडिस दांपत्य आलं तोवर तो शहरातल्या गलिच्छ चौकांपैकी एक झाला होता. दोघांनी स्वतः झाडलोट केली, भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलं लावली आणि शेजाऱ्यांना हातभार लावायला बोलावलं. त्यांची थोरली मुलगी नोरा १८८७ ची.

गेडिस पाडायचाही. दोन इमारतींमध्ये नंतर घुसडलेलं एखादं बांधकाम काढलं की चौकात ऊन येतं, हे त्याने पाहिलं होतं. पण अगदी थोडं पाडायचं आणि माणसं हलवायची नाहीत हा त्याचा नियम होता. पुढे हिंदुस्थानातल्या शहरांचे अहवाल लिहिताना त्याने याच पद्धतीला जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटलं आणि सरळ रुंद रस्त्यासाठी वस्त्या कापणाऱ्या अभियंत्यांशी भांडण मांडलं.

तो आपल्याकडे आला होता हे फार जणांना ठाऊक नसतं. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उघडला तेव्हा पहिला प्राध्यापक तोच. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याचेच विद्यार्थी, आणि १९२४ नंतर तो विभाग त्यांच्याकडे आला. त्याआधी होळकरांच्या इंदूरसाठी त्याने मोठा अहवाल लिहिला, १९१८ मध्ये तो छापला गेला. इंदुरात प्लेग होता. गेडिसने दिवाळीत एक दिवसाचं महाराजपद मागून घेतलं आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या वस्तीने घरं जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील तिथून जाईल. शहर झाडायला लागलं. मिरवणुकीत प्लेगचा अजस्र उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि धुवट पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. जेम्स कोर्टमध्ये ॲनाबरोबर केलेलं काम तो सणाच्या भाषेत पुन्हा करत होता. पण तेव्हा ॲना नव्हती. १९१७ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा अलास्डेअर फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला. ॲना त्या वेळी हिंदुस्थानात तापाने अंथरुणाला खिळली होती. गेडिसने ती बातमी तिच्यापासून लपवली, मुलाची जुनी पत्रं तिला वाचून दाखवली, आणि ती जूनमध्ये गेली. भिंतीत दडवलेल्या पत्रांच्या सगळ्या कादंबऱ्या मला या पत्रांपुढे फिक्या वाटतात.

आता माझ्याच भेदाला धक्का देणारी गोष्ट. हे दोघं जेम्स कोर्टमध्ये का गेले? केवळ बिऱ्हाडकरूंच्या कळवळ्याने नव्हे. गेडिसला ह्यूमच्या एडिनबराची भुरळ होती. विद्वान आणि कारागीर एकाच जिन्याने चढत होते ते दिवस त्याला परत हवे होते, म्हणून तर त्याने ओल्ड टाउनमध्ये विद्यार्थ्यांची वसतिगृहं काढली. म्हणजे सुरुवात मिरवण्याजोग्या काळाच्या प्रेमातूनच झाली, अगदी कादंबरीतल्या नायिकेसारखी. नुसत्या कर्तव्यापोटी नवी नवरी त्या चौकात संसार मांडायला गेली असती असं मला वाटत नाही. जुन्या घराचं वेड लागावंच लागतं. तिथे गेल्यावर, राहिल्यावर, शेजारणीशी पाण्यावरून बोलल्यावर मधला काळ दिसायला लागतो, त्याआधी नाही.

लॉनमार्केटमध्येच ग्लॅडस्टोन्स लँड हे सहा मजली घर आहे. थॉमस ग्लेडस्टेन्सने ते १६१७ मध्ये घेतलं आणि वाढवलं. १९३४ मध्ये ते पाडलं जाणार होतं, तेव्हा हेलन हॅरिसन या बाईंनी विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला दिलं. नंतरच्या आच्छादनाखालून १६२० सालची रंगीत छतं निघाली, दुकानाच्या दर्शनी भागामागून जुन्या कमानी निघाल्या, आणि घर सतराव्या शतकात नेऊन ठेवलं गेलं. कितीतरी वर्षं मला त्याचा राग होता. पण आता त्याच घरात एक मजला अठराव्या शतकातल्या कापड दुकानाचा मांडला आहे आणि एक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बोर्डिंग हाऊसचा. आधी कुणीतरी रंगीत छतावर भाळलं म्हणून घर वाचलं, आणि घर वाचलं म्हणून बोर्डिंगमधल्या बाईची लोखंडी खाट आत येऊ शकली. पलीकडच्या रिडल्स कोर्टमध्येही तेच. सोळाव्या शतकाच्या अखेरचं ते घर गेडिसने १८९० च्या सुमारास वसतिगृह केलं, आणि २०१७ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा गेडिसच्या काळात रंगवलेलं छतही जपलं गेलं. जीर्णोद्धार करणाराही मधलं बिऱ्हाड होऊन गेला.

तेव्हा त्या कादंबऱ्यांवरचा माझा आक्षेप बदलला आहे. दोन काळ निवडणं हा त्यांचा दोष नाही, प्रेमाला निवड करावीच लागते. दोष असा की शेवटचा रंगाचा हात वाळला की त्या संपतात. नोराने पुढे ओल्ड टाउनच्या रिकाम्या तुकड्यांवर मुलांसाठी बागा केल्या. तिचा नवरा फ्रँक मीअर्स याने कॅननगेटमधलं हंटली हाऊस नीट केलं, १९३२ पासून तिथे शहराचं संग्रहालय आहे. एका लग्नातून निघालेलं काम दुसऱ्या पिढीपर्यंत चालू राहिलं. मात्र ग्लॅडस्टोन्स लँडचे काही वरचे मजले आज पर्यटकांना भाड्याने मिळतात. आजूबाजूच्या जिन्यांत चाकांच्या बॅगा इतक्या वाढल्या की सप्टेंबर २०२२ मध्ये पालिकेने सगळं शहर अल्पकालीन भाड्यासाठी नियंत्रित क्षेत्र ठरवलं. तीन रात्रींच्या पाहुण्याला घर आवडेल, छत बघून तो हरखेल, पण पन्हळीतला पालापाचोळा त्याला दिसणार नाही.

मैत्रिणीला मी एवढंच सांगणार आहे की घर जरूर घे. आणि अशी कादंबरी कुणी लिहीत असेल तर मला तिच्यात शेवटानंतरची दोन प्रकरणं हवीत: पहिल्या हिवाळ्यात छप्पर गळलं तेव्हा खर्चाला कोण तयार झालं आणि कोण नाही, आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी आजारी पडली तेव्हा तिची किल्ली कुणाकडे होती.